आजीचा बिब्बा

‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार आमच्या घरात कुणी तोंडातून काढीत नसे. आमच्या घरात तो खरोखरीच घातला गेला होता.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. उन्हाळ्यात पायात काटा मोडला. आजीने दाभणाला बिब्बा टोचून समईच्या ज्योतीवर धरला आणि पाझरलेल्या तेलाचा काळा ठिपका तळव्यावर दिला. मी केकाटलो आणि विसरलो. दिवाळीच्या तोंडावर टाच फुटली, म्हणून तिने पुन्हा तोच उपचार केला. या खेपेला दोन दिवसांत पाय सुजला, फोड आले, आणि नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान मला अंथरुणातूनच ऐकावे लागले. बिब्बा उतला होता.

सासूपुढे कधी मान वर न करणारी आई त्या दिवशी बोलली. ‘‘पोराला काय लावलंत तुम्ही?’’ आजी एकच सांगत राहिली, ‘‘अगं, उन्हाळ्यात याच हातानं लावला होता. तेव्हा कुठं काय झालं?’’ ते कुणालाच पटले नाही. म्हातारीचा हात थरथरला, तेल जास्त पडले, असे घरात ठरून गेले. बिब्ब्यांचा डबा फडताळातून नाहीसा झाला आणि त्याबरोबर आजीची वैदकीही. शेजारणी पोरे घेऊन आल्या, की ‘‘आता नाही गं,’’ म्हणून ती त्यांना परत लावी. लाडवांतली गोडंबी मात्र चालू राहिली. ती त्याच फळाची बी, हे आम्ही सोयीने विसरलो.

गेल्या दिवाळीत डॉक्टरकी शिकणाऱ्या माझ्या पुतणीला मी ही गोष्ट सांगितली. ती हसेल असे वाटले होते, पण ती शिकवायलाच बसली. जपानी लाखेच्या झाडाच्या चिकात आणि अमेरिकेतल्या एका विषारी वेलीत उरुशिओल नावाचे तेल असते. बिब्ब्याचे तेल त्याच घराण्यातले. त्याचा रेणू इतका लहान, की शरीराच्या पहारेकरी टी-पेशींना तो एकटा ओळखताच येत नाही. कुणीतरी त्याला धरून पुढे करावा लागतो. हे काम कातडीतल्या लांगरहान्स पेशी करतात. (१८६८ साली पॉल लांगरहान्स या विद्यार्थ्याने त्या प्रथम पाहिल्या आणि मज्जातंतूंच्या समजल्या. एकविसाव्या वर्षी एवढी चूक माफ असावी!) या पेशींच्या अंगावर सीडी१ए नावाचे प्रथिन असते, त्याला तेलकट पदार्थ बसेल अशी खोबण असते. उंदरांना हे प्रथिन नसते. माणसाचे सीडी१ए असलेले उंदीर तयार करून त्यांना उरुशिओल लावले, तेव्हा त्यांची कातडी अधिक भडकली. आणि स्फटिक करून पाहिले, तर तेल त्या खोबणीत बसलेले दिसले. हे २०१६ सालचे संशोधन. हे तेल कातडीतल्या इतर प्रथिनांना चिकटूनही ओळखले जाते, पण मला ती खोबणच आवडली.

‘‘काका, पायाला काही झालं की जांघेत अवधाण येतं ना? ती गाठ म्हणजे चावडी. लांगरहान्स पेशी चोराला धरून तिथं नेते. टी-पेशींना त्याची ओळख पटून त्यांची फौज वाढायला आठ-दहा दिवस तरी लागतात. तोवर तेल गेलेलं असतं.’’

‘‘म्हणजे पहिल्या वेळी...’’

‘‘काही दिसत नाही. नुसती ओळख होते. दुसऱ्या वेळी फौज तयारच असते, एक-दोन दिवसांत धावून येते. थेंब कमी-जास्त पडायचीही गरज नाही.’’

आई कोपऱ्यात गोडंबी निवडीत बसली होती. तिला हल्ली कमी ऐकू येते, म्हणून पुतणीने सारे पुन्हा तिच्या कानाशी सांगितले. चावडी, चोर, फौज, सगळे. आईचे हात थांबले.

‘‘डबा मीच विहिरीत टाकला होता,’’ बऱ्याच वेळाने ती म्हणाली. ‘‘पितळेचा होता. त्यांच्या माहेरचा.’’