चटणीच्या पाकिटावरचं ओत्तक्षर

शेंगा चटणीची पाकिटं छापायला वहिनीबरोबर भोसरीला निघालो, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळे हसले. मराठी शिकवणाऱ्याचं कारखान्यात काय काम? पण काम अक्षराचंच होतं.

वहिनीचं माहेर अथणीकडचं. चटणीच्या पाकिटावर मराठीबरोबर कन्नडही हवं, हा तिचा हट्ट. अन्नसुरक्षेच्या 2020 च्या नियमांनुसार लेबलवरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतो, बाकीच्या भाषा त्याशिवाय चालतात. म्हणजे मराठी काय अन् कन्नड काय, दोन्ही आपल्या हौसेच्या! 2021 मध्ये एका छापखान्यानं तिला शंभर किलोचा रोल घ्यायला लावला. त्यात वीसेक हजार पाकिटं झाली. तिचा खप महिन्याला चारशे. माल आला आणि पाहतो तर कन्नड ‘चट्नी’तलं ओत्तक्षर तुटलेलं. ‘ट’च्या पायाशी बसायचा ‘न’ शेजारी सुटा उभा. संगणकावर फॉन्ट बदलताना जोडाक्षरं अशी फुटतात, हे आपल्या भागात पत्रिका छापणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. पण पत्रिका पुन्हा छापता येते. इथं प्रत्येक रंगाला एक पोलादी सिलिंडर, त्यावर तांब्याचा थर, त्यात हिऱ्याच्या टोकानं कोरलेले बारीक खळगे आणि वरून क्रोम. चूक तांब्यात कोरली गेली होती. दुरुस्तीला नवा सिलिंडर, नवा खर्च आणि पुन्हा शंभर किलो. वहिनी काही बोलली नाही. रोज रात्री त्या अक्षरावर स्टिकर चिकटवत बसली.

रात्रीच्या बसनं निपाणी, कऱ्हाड, सातारा करत पहाटे वाकडला उतरलो आणि रिक्षानं नाशिक फाट्यावरून भोसरीत शिरलो. एमआयडीसीत पत्ता म्हणजे ब्लॉकचं अक्षर आणि प्लॉटचा आकडा. सकाळच्या पाळीची माणसं डबे घेऊन आत जात होती, कोपऱ्यावरच्या टपरीवर पोहे आणि कटिंग चहा. एका टेम्पोचालकानं वहिनीचं बोलणं ऐकून गाव विचारलं आणि पुढचा पत्ता कन्नडमध्येच सांगितला.

आपण ज्याला इंकजेट म्हणतो ते वहिनीला नवं नव्हतं. पाण्याच्या बाटलीवरची ठिपक्याठिपक्यांची तारीख त्याच कुळातली. इथलं यंत्र मात्र खोलीएवढं. सिलिंडर नाही, कोरणं नाही. संगणकातून हुकूम सुटतो, विजेच्या दाबानं बारीक स्फटिक आकसतो आणि शाईचा थेंब फिल्मवर पडतो. कागद शाई पितो, प्लास्टिक पीत नाही. म्हणून थेंब पसरू नये यासाठी आधी एक अस्तर लावतात, मग रंग, शेवटी पांढरा, आणि लगेच गरम हवा. फिल्म पारदर्शक असल्यानं सगळं उलटं छापायचं आणि वाचायचं दुसऱ्या बाजूनं. त्यावर दुसरी फिल्म चिकटवली की शाई दोन्हींच्या मध्ये राहते, चटणीला लागत नाही. पांढरी शाई सगळ्यांत हट्टी. तिचे कण जड, तळाशी बसतात, म्हणून ती सतत फिरती ठेवावी लागते. बारीक तोंड बुजलं की छपाईत कोरी रेघ उमटते.

पहिले दोन मीटर निघाले. वहिनीनं पट्टी उलटवून खिडकीकडे धरली.

‘‘भावजी, हे बघा की. परत तसंच!’’

यंत्रावरचा मुलगा वाकून पाहू लागला. ‘‘इदु तप्प ऐतरी,’’ तो म्हणाला. तोही अथणीकडचाच निघाला. त्यानं यंत्र थांबवलं, फाइलमध्ये अक्षर नीट केलं आणि पंधरा मिनिटांत दुसरी पट्टी आली. वाया गेली ती दोन मीटर फिल्म. वहिनीनं ‘न’वर बोट ठेवून पाहिलं. शाई हाताला लागली नाही.

दर ऐकून मात्र ती गप्प झाली. एका पाकिटाला जुन्यापेक्षा बराच जास्त. मोठ्या मालाला सिलिंडरच स्वस्त पडतो, हे मालकांनी सरळ सांगितलं. वहिनीनं बोटांवर हिशेब केला, माळ्यावर उरलेली पाकिटं त्यात धरली आणि पाचशे सांगितली. साधी तीनशे, लसणाची दोनशे. एकाच रोलवर दोन मजकूर, जादा पैसे नाहीत. हे तिला फार आवडलं.

मी मालकांना विचारलं, दोन थर चिकटवलेलं हे पाकीट पुढं वेगळं करून वापरता येतं का? त्यांनी मान हलवली. नाही.

थर चिकटवल्यावर गोंद मुरायला वेळ लागतो, त्यामुळं पाकिटं त्या दिवशी मिळणार नव्हती. परतीच्या बसमध्ये वहिनीच्या पर्समध्ये फक्त ती दुसरी पट्टी होती. कागलच्या पुढं तिनं ती बाहेर काढली, नखानं खरवडून पाहिली, नाकाला लावली आणि आईला फोन लावून कन्नडमध्ये म्हणाली, या खेपेला स्टिकर लावायला बसायचं नाही.