पडलेले टाके

बाळंतपणाची बातमी मराठी घरांत टप्प्याटप्प्याने पोहोचते. आधी मुलगा की मुलगी हे कळते, मग बाळाचे वजन. त्यानंतर आवाज किंचित खाली आणून, बायकाबायकांतच, आणखी एक प्रश्न विचारला जातो : "टाके किती पडले?" उत्तर आकड्यात येते आणि विषय तेथेच संपतो. पाऊस पडतो, दुष्काळ पडतो, तसे टाके पडतात. या क्रियापदाला कर्ता नाही. टाके घालणारा हात त्यात दिसत नाही आणि त्या हाताने त्याआधी उचललेली कात्रीही दिसत नाही. अंग आपोआप फाटले की ते कापले गेले, हा भेद या वाक्यात पुसून जातो. ज्या स्त्रीच्या अंगावर हे घडले, तिलाही तो पुष्कळदा ठाऊक नसतो.

योनिद्वार आणि गुदद्वार यांच्या मधल्या दोन-तीन बोटे रुंदीच्या भागाला शास्त्रात नाव आहे. नित्याच्या बोलण्यात मात्र 'खाली' या एका अव्ययावर भागवले जाते. प्रसूतीच्या अखेरच्या कळांत बाळाचे डोके याच भागाला ताणत बाहेर येते. कधी तो सगळा ताण सोसतो, कधी फाटतो. वैद्यकाने या फाटण्याच्या चार प्रती केल्या आहेत. पहिलीत केवळ त्वचा फाटते, दुसरीत तिच्याखालचे स्नायू. तिसरीत गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूला इजा होते आणि चौथीत चीर थेट गुदमार्गाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचते. बहुतेक चिरा पहिल्या दोन प्रतींत मोडतात. डॉक्टर जो काप देतात तो त्वचेसह स्नायूही छेदतो. म्हणजे काप दिला की दुसऱ्या प्रतीची जखम होणार की नाही, हा प्रश्नच उरत नाही. ती झालेलीच असते.

हा काप मुळात अपवाद म्हणून जन्माला आला. १७४२ साली डब्लिनच्या फील्डिंग ओल्ड यांनी आपल्या प्रसूतिविद्येच्या ग्रंथात तो सांगितला तो अडलेल्या बाईसाठी, डोके अगदी दाराशी येऊन थबकले असेल तेव्हासाठी. पुढे प्रसूती घरातून रुग्णालयात गेली, बाळंतीण पाठीवर निजवली गेली, वेदनाशमनाची औषधे आली आणि अपवादाचा नियम होऊ लागला. १९२० साली शिकागोच्या जोसेफ डीली यांनी पहिलटकरणीसाठी एक पद्धत मांडली : तिला गुंगी द्यावी, काप द्यावा, चिमट्याने मूल बाहेर घ्यावे आणि जखम नीट शिवून टाकावी. नैसर्गिक प्रसूती हीच मुळी त्यांना इजेसारखी वाटे. एखादी बाई गवत उचलण्याच्या दाताळ्यावर पडावी आणि त्याचा दांडा तिच्या अंगात घुसावा, त्याला आपण स्वाभाविक म्हणू काय, असा त्यांचा सवाल होता. डीलींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी पुढे झिजलेल्या, खचलेल्या स्त्रिया पाहिल्या होत्या आणि त्यांना वाचवावे असेच त्यांच्या मनात होते. परंतु एका माणसाच्या कळकळीतून निघालेला विचार दोन पिढ्यांत प्रसूतिगृहाची सवय होऊन बसला. सवयीला पुरावा मागण्याची रीत नसते.

वेडीवाकडी फाटलेली कड जुळवण्यापेक्षा सरळ कापलेली कड जुळवणे सोपे, हे त्या सवयीमागचे समर्थन. शिवणाऱ्याच्या दृष्टीने ते खरेही असेल. पण कापडाच्या दुकानात उभ्या राहिलेल्या कोणत्याही बाईला दुसरी एक गोष्ट माहीत असते. दुकानदार ठाणातून कापड तोडताना आधी काठाला कात्रीने लहानसा काप मारतो आणि मग दोन्ही हातांनी ते सर्रकन फाडतो. काप नसेल तर तेच कापड बराच ताण सहन करते. शरीराच्या बाबतीतही गुदद्वाराच्या दिशेने सरळ खाली दिलेला काप पुढे फाटत जाऊन तिसऱ्या-चौथ्या प्रतीच्या जखमा घडवतो, असे दिसून आले. अमेरिकेत बराच काळ हाच काप रूढ होता. ब्रिटनप्रमाणे भारतातही तो तिरका, एका बाजूस देतात. त्यात हा धोका कमी. पण स्नायू अधिक कापला जातो.

पुराव्याची मागणी अखेर उशिरा झाली. १९८३ साली थॅकर आणि बँटा या दोघांनी १८६० ते १९८० या काळातील इंग्रजी वैद्यकीय लेखन चाळून पाहिले. सरसकट काप देण्याच्या बाजूने भक्कम आधार त्यांना आढळला नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये बर्कशायर परगण्यात जेनिफर स्लीप या सुईणीच्या पुढाकाराने एक हजार स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. एका गटात सुमारे निम्म्या स्त्रियांना काप दिला गेला, दुसऱ्यात दहांपैकी एकीला. दहा दिवसांनी आणि तीन महिन्यांनी दोन्ही गटांतील वेदना जवळजवळ सारखीच होती. पुढल्या बाजूच्या लहान चिरा दुसऱ्या गटात काहीशा अधिक होत्या; मात्र टाके कमी लागले आणि दांपत्यजीवन महिन्याभरात पूर्ववत झालेल्या स्त्रियाही त्याच गटात जास्त होत्या. १९९३ साली अर्जेंटिनातील २,६०६ स्त्रियांच्या पाहणीने हाच निष्कर्ष बळकट केला. ज्या गटात ८३ टक्के स्त्रियांना काप दिला होता, त्यातील गंभीर जखमांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या गटापेक्षा कमी नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्टच म्हटले की, सरळ होणाऱ्या प्रसूतीत काप सरसकट देऊ नये. कळांच्या अखेरीस त्या भागाला कोमट फडक्याचा शेक द्यावा, हलके चोळावे, असेही त्याच शिफारशींत आहे.

हे वाचून जुन्या सुईणीच्या तेलाच्या हाताची आठवण होणे साहजिक आहे. तिचा हात बाळाच्या डोक्याला सावरत असे, घाई करत नसे. तरीही जुन्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. ज्या चिरा कोणी शिवल्याच नाहीत, त्यांचे भोग बायकांनी जन्मभर मुकाट्याने भोगले. वारा धरवत नाही, मळ आवरत नाही, अंग बाहेर येते, या गोष्टी नवऱ्यालाच काय, सख्ख्या बहिणीलाही सांगितल्या जात नसत. राणी आणि अभय बंग यांनी १९८९ साली गडचिरोलीतील दोन गावांच्या ६५० स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे निष्पन्न झाले. त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या आठ टक्के होत्या. दुखणे होते; ते सांगायला शब्द नव्हता आणि ऐकायला कान नव्हता. काप आवश्यक ठरतो असे प्रसंगही आहेत. बाळाचे ठोके मंदावले, चिमटा लावावा लागला, तर कात्रीच आई-मुलाची सोबतीण होते. वाद कात्रीशी नाही, तिच्या सवयीशी आहे.

जखम फाटण्याची असो वा कापण्याची, तिचे खरे दिवस घरी आल्यावर सुरू होतात. घर बाळाभोवती फिरू लागते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, शेकशेगडी यांत काही उणे पडत नाही. पण बाळाला पाजायला बसावे लागते आणि बसणेच तर अशक्य झालेले असते. मांडी घातली की टाके ओढतात. लघवीला गेले की आग होते. शौचाच्या भीतीने कित्येकजणी पोटभर जेवत नाहीत. मग मळ खडा होतो आणि भीती खरी ठरते. कोमट पाण्यात बसणे, जागा कोरडी ठेवणे, पाणी भरपूर पिणे, त्या स्नायूंना हळूहळू आवळून सोडण्याचा व्यायाम करणे, हे साधे उपाय. ते सांगायला रुग्णालयात कोणाला वेळ नसतो आणि घरात कोणाला धीर नसतो. टाके विरघळतात, सव्वा महिना सरतो, बाळंतीण ओसरीवर येते. रुग्णालयाची सहा आठवड्यांची तपासणीही त्याच सुमारास असते. त्या तपासणीत बाळाचे वजन होते, लसीची तारीख ठरते. बाळंतिणीची जखम भरली का, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. आणि पतीजवळ जाताना तिला काय होते, हे तर कोणीच विचारत नाही.

केंद्र सरकारने २०१७ साली 'लक्ष्य' हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा प्रसूतिगृहातील सन्मानपूर्ण वागणूक हा शब्दप्रयोग सरकारी कागदावर आला. सन्मान म्हणजे नेमके काय, याचे उत्तर अवघड नाही. कात्री उचलण्यापूर्वी एक वाक्य बोलता येते : "बाई, बाळाला त्रास होतो आहे, थोडा काप द्यावा लागेल, देऊ ना?" एवढे बोलायला दोन कळांमधला वेळ पुरतो. ते वाक्य बोलले गेले की घडलेल्या गोष्टीला कर्ता मिळतो, कारण मिळते आणि तिच्या होकाराची नोंद राहते. पुढे कोणी विचारले, तर ती सांगू शकते की फाटले नव्हते, कापले होते, आणि का कापले तेही मला सांगितले होते. जखम त्याने लवकर भरत नाही. परंतु ती आपलीच आहे, आपल्याला ठाऊक आहे, एवढे तरी त्या बाईपाशी उरते.