पक की रॉबिन?

शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात परीलोकाचा राजा ओबेरॉन याचा एक खोडकर सेवक आहे. सारे जग त्याला ‘पक’ म्हणून ओळखते. परंतु १६०० साली छापलेल्या नाटकाच्या पहिल्या प्रतीत त्याची भाषणे कधी ‘पक’ या नावाखाली येतात, तर कधी ‘रॉबिन’ या नावाखाली. आजही काही संपादक एक नाव छापतात, काही दुसरे. आम्हांस मात्र वाटते की या दोहोंपैकी एक नाव खोडले, तर ते पात्रच अर्धे होते.

कारण ही नावे दोन स्वभावांची आहेत. ‘पक’ हे मुळात विशेषनामच नव्हे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘पूक’ म्हणजे पिशाच्च, प्रसंगी साक्षात सैतान. एडमंड स्पेन्सरने स्वतःच्या विवाहावर रचलेल्या व १५९५ साली प्रसिद्ध झालेल्या काव्यात त्या रात्री ज्यांची बाधा नको अशांमध्ये या पूकचीही गणना केली आहे. रॉबिन गुडफेलो मात्र घरचा. सारे निजले की त्याने यावे, दळण दळावे, घर झाडावे आणि वाडगाभर दूध पिऊन निघून जावे. त्याच्या उघडेपणाची कीव येऊन कोणी कपडे ठेवलेच, तर तो रुसून जाई. रेजिनल्ड स्कॉटने १५८४ साली जादूटोण्याच्या समजुतींवर टीका करणारा ग्रंथ लिहिला, त्यात या साऱ्याची नोंद आहे. ‘गुडफेलो’ म्हणजे भला माणूस. ज्याचे भय वाटते त्याला आदराने हाक मारण्याची रीत आपल्याकडेही होतीच. एका भयंकर रोगाला आपल्या वाडवडिलांनी ‘देवी’ म्हटले, ते काय उगाच?

त्या काळी अशा दुहेरी जिवाला धर्मविचारात जागा मिळणे कठीण झाले होते. स्कॉटने रॉबिनच्या भीतीचा संबंध थेट जुन्या कॅथलिक धर्माशी जोडला आणि आता दोन्हींचा प्रभाव ओसरला, असे समाधान मानले. पुढे १५९७ साली स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने ‘डेमोनॉलॉजी’ या ग्रंथात परीलोकाची गणना सैतानाच्या मायेत केली. म्हणजे एकाने त्याला भाकडकथा ठरवले, दुसऱ्याने सैतानी भूल.

शेक्सपिअरने यांपैकी काहीच केले नाही. त्याचा पक भलत्याच तरुणाच्या डोळ्यांत प्रेमरस पिळतो आणि त्यातून उडालेला गोंधळ पाहून खूश होतो. तिसऱ्या अंकात पहाट जवळ येते, तेव्हा थडग्यांकडे परतणाऱ्या अभागी आत्म्यांचे तो वर्णन करतो. ओबेरॉन तत्काळ बजावतो की आपण त्या जातीचे नव्हेत. शेवटच्या अंकात तर पक एकाच भाषणात भुकेला सिंह, घुबडाचा घूत्कार आणि उघडी थडगी यांची नावे घेतो, अन् लगेच सांगतो की मला केरसुणी देऊन पुढे पाठविले आहे, दाराआडची धूळ झाडण्यासाठी. स्मशान आणि केरसुणी, दोन्ही त्याच्याच हाती!

आमच्या आळीत एक काका होते. सांजवेळी भुताच्या गोष्टी सांगून ते आम्हां मुलांची झोप उडवीत; सणासुदीला त्यांच्या थट्टेतून कोणी सुटत नसे. आयाबाया त्यांच्या नावाने बोटे मोडीत. परंतु कोणाच्या घरी मयत झाली की रात्री-अपरात्री कंदील घेऊन पहिले हजर होत तेच. ते गेल्यावर त्यांच्याविषयी बोलताना काही जण फक्त खोड्या आठवीत, काही फक्त उपकार. दोघांच्याही बोलण्यात काका पुरते सापडत नसत.

माणसाचा हिशेब एका शब्दात उरकण्याची आपल्याला घाई असते. घरातले द्वाड मूल ‘द्वाड’ म्हणूनच वाढते, अन् त्याने आजीचे पाय चेपले, तर ते कोणाच्या लक्षात राहत नाही. नाटक संपताना पक प्रेक्षकांपुढे येतो, स्वतःला प्रामाणिक म्हणवतो आणि त्याच दमात सांगतो की शब्द पाळला नाही, तर मला खुशाल खोटारडा म्हणा. मग तो टाळ्यांसाठी प्रेक्षकांचे हात मागतो. चारशे वर्षे प्रेक्षक ते देत आले आहेत. घरच्या आणि आळीतल्या पकांना मात्र ते जिवंत असतानाच द्यायला हवेत.