नाइस

'नाइस' या इंग्रजी शब्दाची मला मोठी गंमत वाटते. लॅटिनमधल्या 'अजाण' अर्थाच्या 'नेस्कियस'पासून तो निघाला. इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता 'मूर्ख'. पुढे तो 'चोखंदळ' झाला, 'काटेकोर' झाला आणि १८ व्या शतकात नुसता 'छान' होऊन बसला. ऊठसूट वापरल्या जाणाऱ्या या शब्दाची थट्टा जेन ऑस्टेनच्या 'नॉर्दँगर ॲबी' या १८१७ च्या कादंबरीतही आहे.

आपला 'छान'ही त्याच पंथाला लागला आहे. माझ्या आईला तो मुळीच चालत नसे. चकलीचा पहिला घाणा काढून ती आमच्या तोंडाकडे पाहत राही. कुणी "छान" म्हटले की लगेच विचारी, "छान म्हणजे काय रे? खुसखुशीत की कडक? काटा उठलाय? मोहन कमी नाही ना पडलं?" मग दुसरी चकली नीट चावून उत्तर द्यावे लागे. पहाटेपासून चुलीपुढे बसलेल्या तिला स्तुती नको असे. कुणीतरी लक्ष देऊन खाल्ले, एवढेच हवे असे.

लाडू खमंग असतो, रांगोळी रेखीव असते, गळा सुरेल असतो. यातला प्रत्येक शब्द आधी चाखायला, पाहायला, ऐकायला लावतो. 'नाइस' कशाकडेही न पाहता म्हणता येतो. तेव्हा यंदा फराळाचे ताट पुढे आले, की खुशाल 'नाइस' म्हणा. पण त्याच्या त्या जुन्या, काटेकोर अर्थाने!