एफ-सिक्स दाबा!

कॉन्व्हेंटवाल्या मुलीचा मराठी लेख बघून लेडीज हॉस्टेलवर हशा पिकणार, हे मला माहीत आहे. पिकू दे! ही गोष्ट मराठीतच सांगायला हवी.

त्याचं झालं असं, मटेरियल टेस्टिंग लॅबमधल्या मशीनचा पीसी ऐन प्रोजेक्टच्या दिवसांत बंद पडला. फायनल इयरची रीडिंग्ज अडकली. माझी रूममेट मेकॅनिकलची, मी कॉम्प्युटरची. साहजिकच मला ओढत नेण्यात आलं.

त्या मशीनचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं. एक्सपी २००१ सालची. ८ एप्रिल २०१४ ला तिचा सपोर्टही संपला, म्हणून त्या पीसीला नेट जोडायचं नाही, अशी लॅबमधल्या काकांची सक्त ताकीद! स्टोअरमधून दुसरा जुना पीसी काढला, सीडी टाकली, आणि निळ्या स्क्रीनवर उत्तर आलं : हार्ड डिस्क सापडली नाही.

डिस्क तर ठणठणीत होती. पण ती साटा, आणि बोर्डाचा कंट्रोलर एएचसीआय मोडमध्ये. एएचसीआय आलं २००४ मध्ये, म्हणजे एक्सपीच्या नंतर. मग एक्सपीच्या सीडीत त्याचा ड्रायव्हर असणार कुठून? बायोसमध्ये आयडीई मोड असता तर निभावलं असतं, पण या बोर्डाला तो पर्यायच नव्हता.

उपाय एकच. सेटअप सुरू होताच स्क्रीनच्या तळाशी काही सेकंद एक ओळ दिसते : वेगळा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ-सिक्स दाबा. ती ओळ हुकली की पुन्हा पहिल्यापासून! आणि ड्रायव्हर द्यायचा फ्लॉपीवरूनच, पेनड्राइव्ह चालत नाही. काकांनी कपाटातून १.४४ एमबीची फ्लॉपी काढली, धूळ फुंकली, आणि डिस्क दिसली! तरी फाइल्स कॉपी होईपर्यंत फ्लॉपी काढायची नाही. तो ड्रायव्हर डिस्कवर पोचला नाही, तर रीस्टार्टनंतर पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

कॉपी चालू असताना रूममेट हळूच म्हणाली, "फर्स्ट इयरला माझं हेच झालं होतं गं."

ती जिल्हा परिषदेच्या शाळेतली. पहिल्या व्हायव्हाला उत्तर येत होतं, पण इंग्रजीत तोंडच उघडेना. शेरा मिळाला, 'कन्सेप्ट क्लिअर नाहीत.' एम-वन राहिलं. तिने बॅगसुद्धा भरली होती! पुढच्या सेमला एका सिनियर ताईने मेसमध्ये सांगितलं, "आधी मराठीत सांग, मग एकेक शब्द बदलू." आज तिचीच जर्नल्स अख्खा वर्ग मागून नेतो.

डिस्क रिकामी नव्हती, ड्रायव्हर नव्हता. आणि तो मिळाला एक सेमिस्टर उशिरा.

प्रोजेक्टची रीडिंग्ज मिळाली. आता आम्ही दोघींनी ठरवलंय, नवीन बॅच आली की दर रविवारी मेसनंतर रीडिंग रूममध्ये बसायचं. व्हायव्हाची प्रॅक्टिस, आधी मराठीत, मग इंग्रजीत. माझं मराठीही सुधारेल, हा बोनस! फर्स्ट इयरवाल्यांनो, निकालाची वाट बघू नका. पहिल्याच आठवड्यात या.