ओरँगउटानशी सामना

बुद्धिबळाचा डाव राजासमोरचं किंवा वजिरासमोरचं प्यादं दोन घरं सरकवून सुरू करायचा, हा रूढ रिवाज. त्यामुळे पटाचा मध्य हाती येतो. मी मात्र पांढऱ्या सोंगट्या मिळाल्या की बी४ खेळतो, म्हणजे वजिराच्या बाजूच्या घोड्यासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. समोरचा एकदा पटाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहतो.

ही खेळी माझी नाही. १९२४च्या न्यूयॉर्क स्पर्धेत टार्टाकोव्हरने ती मारोत्सीविरुद्ध खेळली. त्याआधी प्राणिसंग्रहालयातल्या सुझन नावाच्या ओरँगउटानचा त्याने 'सल्ला' घेतला होता, असा किस्सा आहे. तेव्हापासून ही सुरुवात 'ओरँगउटान' म्हणून ओळखली जाते. तो डाव टार्टाकोव्हर हरला, हेही सांगायला हवं. पुढे सोव्हिएत खेळाडू सोकोल्स्की याने तिचा बारकाईने अभ्यास केला, म्हणून तिला त्याचंही नाव आहे.

मी ती खेळतो त्याचं कारण साधं आहे. नोकरी सांभाळून मला पुस्तकी सुरुवाती पाठ करणं जमत नाही. रविवारच्या स्पर्धांत समोर येणाऱ्या शाळकरी मुलांना मोबाइलवरून पंधरा-पंधरा खेळ्या तोंडपाठ असतात. बी४ केलं की दुसऱ्या खेळीपासून दोघांनाही स्वतःचं डोकं चालवावं लागतं.

काळा बहुतेक वेळा ई५ खेळतो. मी उंट बी२ वर आणतो. आता त्याचं ई५चं प्यादं आणि माझं बी४चं प्यादं, दोन्ही मारात असतात. इथे घाईने घोडा सी६ वर आणला तर मी बी५ करून त्याला हुसकावतो आणि ई५ उघडं पडतं. एफ६ करून ते प्यादं राखता येतं. ती चाल वाईट नाही. पण मग राजाकडच्या घोड्याचं हक्काचं घर जातं आणि माझा दुसरा उंट सी४ वरून थेट जी८ वर नजर ठेवतो. काळ्याचं कॅसलिंग अडतं.

यंदा माझी मुलगी स्पर्धा खेळू लागली. एका संध्याकाळी तिने विचारलं, "अब्बा, याच्यावर उपाय काय?" माझं एकुलतं हत्यार तिच्या हाती द्यायचं की नाही, यावर मी थोडा वेळ चहा ढवळत बसलो. मग सांगितलं: चिडू नकोस, विचित्र खेळीला शिक्षा द्यायला धावू नकोस. बी४ उंटाने मार, मला ई५ मारू दे. मग घोडा एफ६ वर आण, म्हणजे तुझं जी७चं प्यादं माझ्या उंटापासून वाचतं. चौथ्या खेळीला कॅसलिंग कर. माझ्याकडे मध्यातलं एक प्यादं जास्त राहील, ते पुढे मला उपयोगी पडेल. पण तोवर तुझे मोहरे बाहेर असतील आणि माझा राजा अजून मधेच बसलेला असेल. ती सवड वाया घालवू नकोस.

तिने विचारलं, "म्हणजे अब्बा, बी४ चुकीचं आहे?"

चुकीचं नाही. ओळखीचं नाही, एवढंच. अनोळखी माणसाशी वागतात तसंच करायचं: हसायचं नाही, घाबरायचं नाही, आपले मोहरे नीट मांडायचे.

परवाच्या डावात तिने तेच केलं. विसाव्या खेळीला मी बरोबरी मागितली. तिने पटावरून नजरही न उचलता नाही म्हटलं.