वेढा आणि वैरण

वयाच्या पासष्टाव्या वर्षीं मीं पहिला किल्ला जिंकला. तो दगडचुन्याचा नव्हता, संगणकाच्या पडद्यावरचा होता. आणि विजयाचें बरेंचसें श्रेय शेजारीं बसलेल्या चौदा वर्षांच्या पुतण्याकडे जातें, हें प्रारंभींच कबूल केलेलें बरें. आमचे धाकटे बंधु धारूर तालुक्यांत शेती करतात. त्यांचा हा मुलगा शिक्षणासाठीं आमच्याकडे अंबाजोगाईस असतो. परीक्षा संपतांच त्यानें ‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाचा दुसरा भाग माझ्यापुढें मांडला. 1999 सालीं निघालेला हा खेळ अजून जगभर खेळला जातो. इतिहासाचा शिक्षक म्हणून तीस वर्षें मुलांना वेढे शिकविणाऱ्या मला पडद्यावर एक वेढा धड घालतां येईना, याची त्याला फार मौज वाटे.

पहिल्या दोन खेपांस मीं जें केलें, तें कोणताही उतावळा सेनापति करील तेंच. घोडदळ उभें केलें आणि तटावर घातलें. बुरुजांवरून बाण आले, घोडे पडले, तट होता तेथेंच राहिला.

“काका, घोडा भिंतीला काय करणार?” पुतण्यानें विचारलें, आणि मग त्यानें मला शास्त्र सांगितलें. आधीं एक स्वार गांवाभोंवतीं फिरवून तटाला कोठें फट राहिली आहे काय तें पाहावयाचें. कांहीं खेळाडू दाट झाडीलाच भिंत समजतात आणि तेथें तट बांधीत नाहींत; झाडें तोडलीं कीं वाट मोकळी. दार फोडावयाचें तर ओंडक्याची छप्पर घातलेली गाडी न्यावी. तिला बाणांचें भय नाहीं, पण आंतून तलवारीचे शिपाई बाहेर पडले कीं तिचा निकाल लागतो, म्हणून सोबत पायदळ हवें. तें पायदळ गाडींतच बसविलें तर ती अधिक वेगानें चालते. मुख्य किल्ल्यासाठीं मोठें गोफणयंत्र. तें उभारलें कीं जागचें हलत नाहीं, आणि मिटलें कीं मारा करीत नाहीं. पण त्याचा पल्ला किल्ल्यावरच्या तिरंदाजांपेक्षां लांब. तें दूर उभें करावें, भोंवतीं राखण ठेवावी आणि एकाच जागीं धोंड्यामागून धोंडा टाकीत राहावें, कारण आंतले गांवकरी पडलेला तट लागलीच डागडुजी करून उभा करतात. मीं तसें केलें. किल्ला पडला. माझ्या सौभाग्यवतींना बोलावून तो दाखविण्याचा मोह मला आवरला नाहीं, हेंही सांगून टाकतों.

पण त्या रात्रीं एक गोष्ट मनांतून जाईना. या खेळांत शिपाई जन्माला येतांना जेवतो. त्यानंतर कधींच नाहीं. स्वार तयार करावयास अन्न व सोनें मोजावें लागतें, हें खरें. पण एकदां तो उभा राहिला कीं त्याचा घोडा कितीही दिवस तटाखालीं राहो, गवताची काडी मागत नाहीं. बीड जिल्ह्यांत जन्मलेल्या माणसाला हें पटावें कसें?

धारूरचाच किल्ला घ्या. बालाघाटाच्या एका सोंडेवर तो उभा आहे. एका अंगाला पेठ, इतर अंगांस खोल दऱ्या. विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान यानें 1567 च्या सुमारास तो बांधला, आणि दोनतीन वर्षांतच अहमदनगरचा मुर्तजा निजामशहा त्यावर चालून आला. किल्ल्यांत शिरल्याशिवाय रिकिबींतून पाय काढणार नाहीं अशी त्यानें प्रतिज्ञा केल्याचें फेरिश्ता सांगतो. एक बाण किश्वरखानास लागला, तो मेला, आणि शिबंदीनें किल्ला सोडला. हा वेढा पुतण्याला मुळींच पसंत पडला नाहीं. त्यांत कसब तें काय, असें त्याचें मत.

1631 चा वेढा मात्र त्यानें लक्ष देऊन ऐकला. शहाजहानचा सरदार आजमखान धारूरवर आला, तेव्हां किल्ला बळकट आणि दारूगोळाही भरपूर. म्हणून त्यानें आधीं बाहेरची पेठ लुटली, आणि तटाच्या आसऱ्याला येऊन राहिलेल्यांचें सामान व जनावरें काबीज केलीं. मग खंदकांत उतरून शोध घेतां तटांत दगडचुन्यानें बुजविलेली एक खिडकी आढळली. त्याच जानेवारींत धारूर पडलें.

“म्हणजे फट सांपडली!” पुतण्या म्हणाला.

सांपडली खरी. पण हाच आजमखान पुढें परांड्यावर गेला. 1630 सालीं पाऊस गेला होता आणि दक्षिण व गुजराथ होरपळत होती. तो दुष्काळ 1632 पर्यंत सरला नाहीं. परांड्याभोंवतीं कित्येक कोस गवत उरलें नव्हतें. तोफा होत्या, माणसें होतीं, धारूर घेतल्याचा दिमाख होता. हत्ती, घोडे आणि बैल यांच्यापुढें टाकावयास मात्र कांहीं नव्हतें. वेढा उठवून तो धारूरकडे परतला. 1634 मध्यें शाहजादा शुजा आणि दौलताबाद जिंकून आलेला महाबतखान यांनाही परांडा मिळाला नाहीं. त्या खेपेसही वैरण आणावयास निघणाऱ्या कहीवरून चकमकी झडत. मीं कागदावर हिशेब मांडला. समजा, फौजेबरोबर दहा हजार जनावरें आहेत आणि प्रत्येकास दिवसाला पंधरा किलो हिरवा चारा. दिवसाचे दीड लाख किलो, महिन्याचे पंचेचाळीस लाख. एवढें गवत बालाघाटाच्या माथ्यावर चांगल्या सालींही कापून आणतां आणतां सैन्य मेटाकुटीस येईल.

हा पंधरा किलोचा आंकडा मीं कोठून आणला, हें पुतण्यानें विचारलें नाहीं. त्याला तो ठाऊक होता. आमच्या भागांत ‘छावणी’ म्हटलें कीं लष्कर आठवत नाहीं. दावणीला बांधलेलीं जनावरें, ताडपत्री आणि उसाचे तुकडे आठवतात. 2019 च्या उन्हाळ्यांत जिल्ह्यांत अशा शेंकडों छावण्या होत्या. बंधूंनीं दोन बैल, एक गाय आणि तिचें वासरूं घेऊन अडीच महिने छावणींत काढले. मुलगा तेव्हां आठ वर्षांचा. शाळेला सुटी लागल्यावर तोही बापाजवळ बाजेवर निजे. मीं पेन्शनीवर अंबाजोगाईंत सुखरूप होतों. एके दिवशीं फोनवर मीं बंधूंना म्हणालों, “विकून टाक सगळीं. पाऊस पडला कीं पुन्हां घेतां येतील.”

पलीकडून बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग “बरं दादा,” एवढेंच. त्यानें जनावरें विकलीं नाहींत, आणि महिनाभर मला फोनही केला नाहीं. मेलेल्या स्वाराच्या जागीं दुसरा स्वार उभा करावा, तितक्या सहजतेनें मीं तो हिशेब केला होता. त्या वेळीं मला हा खेळ माहीतही नव्हता. ही हकीकत पुतण्याला सांगावी कीं नाहीं, याचा विचार करीत मी दोन दिवस काढले. शेवटीं सांगितली. तो खालीं पाहत म्हणाला, “मला माहीतंय. मी तिथंच होतो, बाबांच्या शेजारी.”

त्यानंतरच्या रविवारीं आम्ही दोघे धारूरला गेलों. बंधु गांवाहून तेथें आले. मीं दोघांना खंदक, बुरूज, दऱ्या दाखविल्या. कोणत्या अंगानें मोर्चे लावणें शक्य होतें आणि कोणत्या अंगानें नव्हतें, याचें सविस्तर व्याख्यान दिलें. जुनी खोड. बुजविलेली खिडकी कोठें असेल याविषयीं मीं एक तर्क मांडला, तो कोणीं फारसा ऐकला नाहीं. तटाच्या आंत कमरेइतकें गवत वाढलें होतें आणि वाऱ्यानें हलत होतें. पुतण्यानें त्यांतली एक काडी तोडून दांतांत धरली, चावून पाहिली आणि बापाकडे पाहिलें.

“आपल्या चारींना किती दिवस पुरेल, बाबा?”

बंधूंनीं तटाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत नजर फिरविली, डोळे किलकिले केले आणि मनांतल्या मनांत मोजूं लागले.